घरी पिझ्झ्याचं साधं पीठ कसं भिजवायचं? माझा बेस दर वेळी टोस्टसारखा कडक का होतो?

तुम्ही लिहिलंय की कृती तंतोतंत पाळता. कोमट पाण्यात यीस्ट, मग मैदा भिजवून ‘गरम जागी’ दीड तास. तरी बेस कधी टोस्टसारखा कडक, तर कधी आंबट वासाचा. ओव्हन नाही, फक्त तवा आहे. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘मी नागपूरला राहते, सध्या मे महिना चालू आहे.’ अहो, अर्धी गोम तिथंच आहे.

मीही नागपूरचाच, मानेवाड्याकडचा. पहिल्यांदा पिझ्झा करायला घेतला तो असाच मे महिन्यात. दुपारी दोनला पीठ भिजवलं, कूलरसमोर आडवा झालो, डोळा लागला. चारला उठून पाहतो तर गंजावरचं (म्हणजे पातेल्यावरचं) झाकण तिरपं झालेलं, पीठ ओट्यावर ओघळलेलं आणि स्वयंपाकघरात दारूच्या गुत्त्यासारखा वास. त्या पिठाला हात लावला की ते खाली बसायचं, ताणलं की भोकं पडायची. त्याच वर्षी डिसेंबरात उलटं झालं. तास झाला, सव्वा तास झाला, उंडा जसाच्या तसा. यीस्ट मेलं असं समजून सगळं कचऱ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच पुडीतलं यीस्ट घेऊन जरा दम धरला, तर अडीच तासांत पीठ दुप्पट झालं. म्हणजे आदल्या दिवशी मी चांगलंच पीठ फेकलं होतं.

यीस्ट ही जिवंत बुरशी आहे. पिठातली साखर खाऊन ती वायू आणि थोडा अल्कोहोल सोडते, तो वायू पिठात अडकला की पीठ फुगतं. पस्तीस अंशांपर्यंत जितकी ऊब जास्त तितकी ती झपाट्याने काम करते. साधारण दहा अंश वाढले की वेग जवळजवळ दुप्पट होतो असं धरून चाला. पंचावन्न-साठ अंशांच्या पाण्यात मात्र ती मरते. आता, कृती लिहिणाऱ्याचं स्वयंपाकघर असतं २२-२४ अंशांचं. त्याला ‘गरम जागा’ शोधावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो आणि ओट्यापाशी उभं राहवत नाही. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी नळाला येतं त्यात चहाच टाकायचा बाकी असतो. आपल्याला गार जागा शोधायची आहे. म्हणून मी उन्हाळ्यात पीठ माठाच्या पाण्यात भिजवतो. नळाखाली पातेलं धरायचं नाहीच.

तीन छोट्या, तवाभर पिझ्झ्यांसाठी माझं माप असं: मैदा ३०० ग्रॅम, पाणी १९५ मिली, मीठ ६ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, साखर एक चमचा, तेल एक मोठा चमचा. यीस्ट म्हणजे इन्स्टंट ड्राय यीस्ट. डिसेंबरात चहाचा एक सपाट चमचा (साधारण ३ ग्रॅम) आणि कोमट पाणी, मे महिन्यात अर्धा चमचा आणि माठाचं पाणी. वाटीने मोजू नका. एकीची वाटी दुसरीच्या दीडपट असते, आणि मैदा दाबून भरला की भुरभुरून भरला यावरही वजन बदलतं. दोन-तीनशे रुपयांचा छोटा काटा घ्या, बाकी बेकिंगलाही कामी येईल.

आता कडक बेसचं. माझी खात्री आहे की तुम्ही पीठ पोळीच्या कणकेसारखं भिजवता. आपल्या हातांना तीच सवय असते. भांड्याला चिकटलं की वरून मैदा भुरभुरवायचा, चिकटेनासं होईपर्यंत. तेवढ्यात पाव वाटी मैदा जादा जातो आणि पिझ्झ्याचं वाटोळं होतं.

मला हे कळलं ते लंबी रोटीवाल्या काकूंकडे. नागपुरात राहता म्हणजे तुम्ही पाहिलंच असेल. पालथा मडका चुलीवर, खाली लाकडं, आणि पीठ असं सैल की नवख्याला वाटावं बिघडलं. काकू ते परातीत हाताने वर उचलून आपटत होत्या. उचललं, आपटलं, दुमडलं, पुन्हा उचललं. सुरुवातीला पीठ बोटांना चिकटून तुटत होतं. पाच-सात मिनिटांनी तेच पीठ चकाकायला लागलं आणि हातभर लांब लोंबूनही तुटेना. मग एक गोळा घेतला, या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत ताणला आणि अलगद मडक्यावर सोडला. पलीकडचा माणूस दिसावा इतका पातळ. मी सांगितलं की मी घरी पिझ्झ्याचं पीठ भिजवतो, पण ते ताणलं की मागे येतं. कसं भिजवतो ते हाताने करून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘येवढं घट्ट काऊन भिजवून राह्यला बाप्पा? पाणी पेलं तरच पीठ ताणते.’

एवढ्यात सगळं आलं. गव्हातली दोन प्रथिनं पाण्यात भिजून एकमेकांत गुंतली की ग्लुटेनची जाळी तयार होते. वायू धरून ठेवते ती हीच जाळी. पाणी कमी पडलं तर जाळी ताठ राहते, फुगत नाही, आणि भाजताना उरलंसुरलं पाणीही उडून जातं. मग टोस्ट होणार नाही तर काय होईल? आपला दुकानातला मैदा परदेशी ब्रेडच्या पिठापेक्षा प्रथिनाने कमी असतो, त्यामुळे लंबी रोटीइतकं सैल करायची गरज नाही. शंभराला पासष्ट पाणी पुरतं. पण भिजवल्यावर ते हाताला चिकटलं पाहिजे. नाही चिकटलं तर समजा कमी पडलं.

तर करायचं असं. गंजात मैदा, साखर, यीस्ट कोरडंच मिसळा. इन्स्टंट यीस्ट आधी पाण्यात फुलवायची गरज नसते. पाणी घालून चमच्याने नुसतं कालवा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की झाकून वीस मिनिटं विसरून जा. पोळीची कणीक आपण मुरू देतो ना, तेच. या वेळात तुम्ही काही न करता निम्मी मळणी झालेली असते. मग मीठ आणि तेल घालून हात ओला करून मळा. मीठ उशिरा घालतो कारण ते जाळी घट्ट करतं आणि यीस्टचा वेगही थोडा आवरतं. काही लोक मीठ अजिबात घालत नाहीत, म्हणे टॉपिंगला असतं. तसा बेस भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागतो.

मळताना तिंबू नका, ताणा. एक कड धरून वर खेचायची, मध्ये दुमडायची, भांडं फिरवायचं, पुढची कड. आठ-दहा वेळा केलं की दहा मिनिटं झाकून ठेवा, पुन्हा तेच. असे तीन फेरे. पहिल्या फेऱ्याला तुम्ही मला शिव्या द्याल. तिसऱ्याला पीठ गुळगुळीत होईल, लिंबाएवढा तुकडा दोन्ही हातांच्या बोटांवर ताणून दिव्यासमोर धरला तर पातळ पडदा होईल आणि पटकन फाटणार नाही. तो पडदा दिसला की थांबायचं.

मग गंजाला तेलाचा हात, पीठ आत, वर झाकण. ओला फडका नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो अर्ध्या तासात वाळतो आणि पिठावर साल धरते. वेळ मी सांगत नाही, खूण सांगतो. उभ्या काचेच्या किंवा पारदर्शक डब्यात पीठ ठेवा आणि बाहेरून पिठाच्या पातळीला रबर लावा. पीठ त्याच्या दुप्पट झालं की झालं. आत्ता तुमच्याकडे तासाभरात होईल, डिसेंबरात दोन-अडीच तास. ओलं बोट अर्धा इंच खुपसून पाहा. खळगा हळूहळू अर्धवट भरला तर तयार, झटकन वर आला तर अजून वेळ आहे, तसाच राहून पीठच खाली बसलं तर उशीर झाला. उशीर झालेल्या पिठाचा पिझ्झा होत नाही असं नाही, पण तो फिकट राहतो. यीस्टने साखर खाऊन टाकलेली असते आणि साखरेशिवाय तांबूस रंग कुठून यायचा?

खरं सांगायचं तर उन्हाळ्यात मी हा खटाटोपही करत नाही. रात्री पाव चमचा यीस्ट घालून पीठ भिजवतो, अर्धा तास बाहेर, मग तेल लावलेल्या डब्यात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. डबा मोठा घ्या. थंडीत यीस्ट रेंगाळत काम करतं आणि पिठाला जी चव येते ती तासाभराच्या पिठाला कधीच येत नाही. करायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा, नाहीतर ताणताना मागे येतं.

लाटणं कपाटात ठेवा. तासभर धरून ठेवलेला वायू तुम्ही दोन मिनिटांत लाटून बाहेर काढता, आणि मग विचारता फुगलं का नाही. पिठाचे तीन उंडे करा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मग एकेक उंडा तेलाच्या हाताने मधून कडेकडे थापा. थालीपीठ थापता तसंच, फक्त कडेचं बोटभर सोडून द्या. मागे येत असेल तर भांडू नका, पाच मिनिटं सोडून दुसरा घ्या.

तव्याबद्दल. नेपल्समध्ये पिझ्झा लाकडाच्या भट्टीत ४०० अंशांच्या वर भाजतात, दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो. तिथल्या पारंपरिक पिठात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच असतं. २०१७ साली युनेस्कोने त्या पिझ्झेवाल्यांच्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे घरचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, २५० वर थकतो आणि त्यात आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बेस वाळतो, म्हणून आपण तेल आणि थोडी साखर घालायची. शुद्ध नेपल्सवाले नाकं मुरडतील, मुरडू द्या.

लोखंडी तवा मध्यम आचेवर चांगला तापवा. बेस टाका, लगेच झाकण. दोन मिनिटांत वर फोड येतील, खालून तपकिरी ठिपके पडतील. उलटा. आता भाजलेली बाजू वर आली, तिच्यावर सॉस, भाज्या, चीज. आच एकदम मंद, झाकण, चार-पाच मिनिटं. तव्यावर वरून आच नसते, त्यामुळे कांदा-सिमला मिरची आधी परतून घ्या आणि सॉस दाट ठेवा, नाहीतर सगळं पाणी बेसमध्ये उतरतं. माझ्या भाच्याने एकदा उरलेला सावजीचा रस्सा ओतला होता. तेल तव्यावर, तिथून गॅसवर, आणि त्याची आई आमच्या दोघांवर. कुकर कोरडा तापवून त्यात भाजायच्या भानगडीत पडू नका, तव्यावर होतंय सगळं.

दुकानात यीस्ट मागितलं की एका दुकानदाराने मला दोनदा बेकिंग पावडर दिली, ‘एकच आहे’ म्हणून. एकच नाही. यीस्टची भुकटी बारीक रव्यासारखी, फिकट तपकिरी असते. मोठे गोल दाणे असतील तर ते ॲक्टिव्ह ड्राय, ते मात्र आधी कोमट साखरपाण्यात दहा मिनिटं फुलवावं लागतं. फेस नाही आला तर पुडी फेका. फोडलेली पुडी हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये. ओट्यावरच्या कपाटात ठेवाल तर एका उन्हाळ्यात संपेल. दही-सोडा घालून बिनयीस्टचा बेस होतो, वाईटही लागत नाही, पण तो भटुऱ्याचा भाऊ आहे. कणीक वापरायची तर निम्मी घाला आणि दोन-तीन चमचे पाणी वाढवा, कोंडा पाणी पितो.

तिघांना दोनच पुरले तर तिसरा उंडा तेल लावून डब्यात, फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी नुसता थापून तव्यावर शेका, वर सांभार (कोथिंबीर) भुरभुरवा आणि पोह्यांवरची तर्री उरली असेल तर तिच्यात बुडवून खा.