केळी उलटी, जंगल खरं

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. मी फावल्या वेळात चित्रं काढते. कुठे शिकलेली नाही. मोबाइलवर आंरी रूसो या फ्रेंच चित्रकाराचं वाघ आणि रेड्याच्या झुंजीचं चित्र पाहिलं. त्यातली केळी चक्क उलटी आहेत! हा माणूस कधी जंगलात गेलाच नव्हता, असंही वाचलं. मग त्याला एवढा मान कसा? आणि वाघ न पाहिलेल्या माझ्यासारखीने वाघ काढावा का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : ताई, केळी तुम्ही बरोबर पकडलीत. घड खाली लोंबतो, पण फणीतली केळी वर वळलेली असतात. रूसोने ती टोकं खाली करून रंगवली. १९०८चं हे चित्र अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. चूक ती चूकच.

रूसो पॅरिसच्या जकात खात्यात नोकरीला होता. चित्रकला त्याने स्वतःच्या स्वतः शिकली. १८९३मध्ये नोकरी सोडल्यावर पूर्ण वेळ रंगवू लागला. मेक्सिकोचं जंगल पाहिल्याच्या गोष्टी तो सांगे, पण फ्रान्सबाहेर गेल्याचा पुरावा नाही. त्याचं जंगल होतं पॅरिसच्या वनस्पती उद्यानातल्या काचघरांत. तिथेच प्राणिसंग्रहालयही होतं आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांची दालनंही. ‘भुकेला सिंह हरणावर झेप घेतो’ हे त्याचं १९०५चं, तब्बल तीन मीटर रुंद चित्र. त्यातली सिंह-हरणाची जोडी तिथल्याच एका पेंढा भरलेल्या देखाव्यावरून घेतलेली आहे.

पण तुम्ही त्याचा १८९१चा वाघ नक्की पाहा, वादळातला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रूसोचं हे पहिलं जंगल. वाघ दात विचकून दबा धरून बसलाय. सावज मात्र चौकटीबाहेर! वाऱ्याने सगळं गवत एका बाजूला झुकलंय, आकाशात वीज. आणि पाऊस कसा काढलाय बघा : सगळ्या चित्रावरून तिरक्या, बारीक, रुपेरी रेघा ओढल्यात, इतक्या पातळ रंगाच्या की खालची पानं त्यातून दिसत राहतात. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. प्रदर्शनात लोक हसले, पण फेलिक्स व्हालोतों या तरुण चित्रकाराने हा वाघ पाहायलाच हवा असं लिहिलं. मला तो पाऊस त्याच्या सगळ्या सिंहांपेक्षा मोठा वाटतो.

पानं निरखून पाहिलीत तर कुंडीतली वाटतील, माणसापेक्षा उंच वाढलेली. रूसोने एकेक पान जवळून बघितलं होतं. कुठलं किती मोठं करायचं आणि कुणाच्या शेजारी ठेवायचं, हे त्याने ठरवलं. १९१०च्या ‘स्वप्न’मध्ये तर भर जंगलात सोफा आहे आणि त्यावर एक विवस्त्र स्त्री. त्याचं उत्तर साधं होतं : ती सोफ्यावर झोपली आहे, आणि आपण अरण्यात आलोय असं स्वप्न तिला पडलंय. असा चित्रकार अरण्याचा पंचनामा करत नसतो. म्हणून त्याच्या उलट्या केळ्यांनी मला त्रास होत नाही. झाडं आणि जनावरं यांच्यातली ती धास्ती मात्र अस्सल आहे.

तेव्हा वाघ जरूर काढा. मात्र छापील वाघ बघून जसाच्या तसा उतरवू नका. शरीराची ठेवण कळण्यासाठी घरच्या मांजरीची रेखाटनं करा : दबकताना तिचे खांदे पाठीच्या वर कसे येतात, मागचे पाय कुठे जातात. आणि तो वाघ तुमच्याच बागेत बसवा. वाऱ्याने चिरलेली पानं, गुंडाळलेला पोंगा, खाली लोंबणारं केळफूल, खोडावरचे तपकिरी डाग, हे सगळं रूसोला काचेआड बघावं लागलं. तुमच्या ते दारात आहे. हिरवा रंग ट्यूबमधून थेट लावू नका. पिवळा, निळा आणि थोडा तांबडा मिसळून आधी कागदाच्या एका पट्टीवर जमतील तेवढे हिरवे करून बघा. कोवळ्या पानाचा एक आणि सुकत चाललेल्याचा दुसरा, एवढे तरी वेगळे निघायलाच हवेत.