संलग्न कॉलेजातल्या बी.ई. अभ्यासक्रमाची एनबीए (नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन) मान्यता पुन्हा मिळवताना मागचाच एसएआर (स्वयंमूल्यमापन अहवाल) अपडेट करून चालतो का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे, मेकॅनिकलच्या एनबीएची मुदत येत्या जूनअखेर संपतेय आणि कोऑर्डिनेटरपद नुकतंच गळ्यात पडलंय. मागचा एसएआर अपडेट करून भागणार नाही. 'नूतनीकरण' हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो. प्रत्यक्षात अर्ज नवा, स्वयंमूल्यमापन अहवाल नवा आणि समितीची भेटही नवी. त्यात 2025 मध्ये अहवालाचा साचाच बदलला. 10 निकषांचे 9 झाले, प्रोग्राम आउटकम (पदवीअखेर विद्यार्थ्याला काय यायला हवं, ती यादी) 12 होते ते 11 झाले. जुनी वर्ड फाइल उघडून तारखा बदलत बसलात तर विषय आणि आउटकम यांची सांगड दाखवणारा, म्हणजे मॅपिंगचा, एकही तक्ता धड जुळणार नाही.

लिहायला बसण्याआधी कॅल्क्युलेटर घ्या. पूर्वअर्हतेत, म्हणजे अर्जासाठीच्या किमान अटींत, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण 25 ला 1 याच्या आत लागतं. समजा प्रवेशक्षमता 60 आहे. थेट दुसऱ्या वर्षाचे 10 टक्के म्हणजे 6 धरून दुसरं, तिसरं, चौथं वर्ष मिळून 66 गुणिले 3, म्हणजे 198 विद्यार्थी. 8 शिक्षक असतील तर प्रमाण 24.75, कसंबसं पास. एक जण सोडून गेला की 28.3. आणि हा आकडा तीन वर्षांची सरासरी काढून बघतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची रिकामी जागा आज भरून तेव्हाचं वर्ष सुधारत नाही. कंत्राटी शिक्षक त्या शैक्षणिक वर्षात सलग दोन सत्रं पूर्णवेळ शिकवत असेल तरच मोजला जातो. जानेवारीत घाईने घेतलेला त्या वर्षात धरता येत नाही. नेमणूक पत्र, फॉर्म 16 आणि बँकेतून पगार गेल्याची नोंद प्रत्येकाची वेगळ्या फाइलला लावा. एकच नाव दोन विभागांच्या यादीत दिसलं की पुढच्या सगळ्या कागदांकडे संशयाने बघितलं जातं, आणि ते रास्तच आहे.

आता ॲटेनमेंट, म्हणजे ठरवलेलं विद्यार्थ्यांनी किती गाठलं, त्याचा 3 पैकी आकडा. संलग्न कॉलेजात बहुतेक जण विद्यापीठ परीक्षेला 80 आणि अंतर्गत परीक्षेला 20 टक्के वजन देतात. विद्यापीठ परीक्षेत पातळी 3, अंतर्गतमध्ये 2 आली, तर 2.4 अधिक 0.4, म्हणजे 2.8. गणित एवढंच आहे. घोळ होतो तो पुढे. सगळ्याच विषयांना 2.7 ते 3 दाखवलं की मूल्यांकनकर्ता थर्मोडायनॅमिक्सची कोर्स फाइल मागतो, युनिट टेस्टचा पेपर काढतो आणि विचारतो, हा दुसरा 'ब' प्रश्न कुठल्या सीओचा (कोर्स आउटकम, त्या विषयातून काय यायला हवं ते)? पेपरवर सीओ 3 छापलंय, पण प्रश्न नुसती व्याख्या विचारतो आणि सीओत क्रियापद आहे 'विश्लेषण करणे'. इथे ती 2.8 कोसळते.

त्यापेक्षा सीओ 3 ला लक्ष्य 2 होतं, 1.4 आलं, असं सरळ लिहा. मात्र त्यापुढे काय केलं ते तारखेसकट हवं: कुठलं ट्यूटोरियल वाढवलं, त्याचं हजेरीपत्रक कुठाय, पुढच्या बॅचला आकडा किती झाला. 'एक्स्ट्रा लेक्चर घेतले' एवढ्या ओळीला कोणी विचारत नाही. मागच्या समितीने नोंदवलेल्या त्रुटी आधी काढून ठेवा. नवी समिती तिथूनच सुरू करते असं धरून चाला. आणि लक्ष्य गाठता येत नाही म्हणून गुपचूप खाली आणू नका, मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये जुना आकडा तसाच असतो.

भेट साधारण तीन दिवसांची असते, अध्यक्ष आणि दर अभ्यासक्रमामागे दोन मूल्यांकनकर्ते. ते विद्यार्थी, माजी विद्यार्थी, पालक, कंपन्यांची माणसं यांच्याशी वेगळे बोलतात. पोरांना व्हिजन-मिशन पाठ करायला लावू नका, पोपटपंची लगेच कळते. प्रयोगशाळेत मात्र लॅब असिस्टंटला यंत्र चालू करून दाखवता आलं पाहिजे, कारण डेड स्टॉक रजिस्टरमधल्या नोंदीवरून बोट ठेवून 'हे कुठाय?' असं विचारतात.

तुमचे विद्यार्थी घाबरलेत म्हणालात, त्यांना सांगा की एनबीए संपल्याने पदवी बाद होत नाही. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) मंजुरी आणि विद्यापीठाची संलग्नता वेगळ्या गोष्टी आहेत. आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात 'वॉशिंग्टन अकॉर्ड' (अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणारा करार) छापलं असेल तर काढून टाका. त्या करारात भारत 2014 पासून आहे खरा, पण तो लाभ टिअर 1, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना आहे. स्वायत्त नसलेली संलग्न कॉलेजं टिअर 2 मध्ये येतात.