वाढदिवसांच्या यादीत एक रकाना कमी आहे

नमस्कार ताई,

तुमचं बदलापूरहून आलेलं पत्र आणि सोबत पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो, दोन्ही मिळालं. पत्र मी दोनदा वाचलं आणि फोटो त्याहून जास्त वेळा बघितला. तुम्ही लिहिलंय की मुलगा बारावी सायन्सला आहे, डान्स करतो, रॅप लिहितो, गेल्या महिन्यात सतरा पूर्ण झाला आणि त्या दिवशी केक कापायलाच बसला नाही, रात्री रडला, आणि मग तुम्हाला त्याच्या वहीत हे पान सापडलं. डावीकडे कलाकारांची नावं नि वाढदिवस, उजवीकडे ते फेमस झाले तेव्हाचं वय, आणि खाली लाल पेनाने 'मी १७. शून्य.' तुमचा प्रश्न आहे की याला इंजिनिअरिंगला घालू का कर्ज काढून मुंबईतल्या डान्स अकॅडमीच्या कोर्सला, आणि हे हिपहॉप म्हणजे नक्की असतं तरी काय.

आधी त्या पानाबद्दल बोलते, कारण सगळं दुखणं तिथे आहे. पोराने मेहनत केलीये ताई, तारखा बरोबर आहेत. अमेरिकन रॅपर एलएल कूल जे, जन्म १४ जानेवारी १९६८, पहिला अल्बम १९८५ ला म्हणजे सतराव्या वर्षी, हे त्याने सगळ्यात वर लिहून दोनदा अधोरेखित केलंय. पण त्याच माणसाचं बाकीचं आयुष्य यादीत आलंच नाही ना! रॅपची नादिष्ट हौस बघून आजोबांनी त्याला घरी साउंडची महागडी मशिनं आणून दिली होती, आजोबा स्वतः सॅक्सोफोन वाजवणारे, म्हणजे सतराव्या वर्षी अल्बम आला तेव्हा घरात आधीची काही वर्षं रोज धांगडधिंगा चालू होता आणि तो ऐकून घेणारी माणसंही होती. आणि पुढचं बघा, हाच माणूस २००९ मध्ये, एक्केचाळीसाव्या वर्षी, अमेरिकन टीव्हीवर पोलिसी मालिकेत आला आणि ती मालिका १४ सीझन चालली. म्हणजे त्याचं करिअर सतराव्या वर्षी 'झालं' असं नाही, तिथून सुरू झालं आणि मध्येच दुसऱ्याच गाडीत बसलं.

तिसऱ्या नंबरवर त्याने जेनिफर लोपेझ, आजची मोठी अमेरिकन गायिका नि नटी, लिहिलीये आणि समोर वय २२, कारण १९९१ मध्ये ती एका कॉमेडी शोमध्ये मागे नाचणाऱ्या मुलींच्या ग्रुपमध्ये लागली. बरोबर आहे. पण तेव्हा ती 'जेनिफर लोपेझ' नव्हती, ग्रुपमधली एक डान्सर होती, हिपहॉपच्या गाण्यांवर प्रोग्रामच्या मधल्या जागा भरायच्या हे त्यांचं काम. तिचा पहिला अल्बम १९९९ च्या जूनमध्ये आला, तिशी गाठायला दोन महिनेही उरले नसताना. मधली आठ वर्षं ऑडिशन, छोटे रोल, मोठे रोल. या आठ वर्षांना तुमच्या मुलाच्या वहीत रकानाच नाहीये.

म्हणून माझं पहिलं काम असं की त्याला त्या पानावर तिसरा रकाना आखायला सांगा. वाढदिवस नको, फेमस कधी झाले ते नको, मधे काय केलं तेवढंच लिहायचं. पैसे कुठून आले, कोणाकडे शिकले, काय काय फसलं. मी हे गेली कित्येक वर्षं मुलांकडून करून घेते आणि खरं सांगते, दुसऱ्या कुठल्या टेस्टपेक्षा या रकान्यातून मला मुलाबद्दल जास्त कळतं, कारण ज्याला मधलं शोधायचा कंटाळा येतो त्याला बहुतेक वेळा काम नको असतं, नाव हवं असतं. तुमच्या मुलाला कंटाळा येणार नाही असं मला वाटतंय, तुम्ही लिहिलंय ना की फ्रिजचा पुठ्ठा गच्चीवर पसरून एकच स्टेप तासभर करत बसतो आणि कोपरं सोलली तरी पट्टी लावून परत वर जातो, त्यावरून म्हणते.

हा तिसरा रकाना आपल्या इथल्या माणसांनी भरायचा तर नालासोपारा-वसईकडची पोरं घ्या. सुरेश मुकुंद आणि त्याचा ग्रुप. २०११ मध्ये टीव्हीवरचा टॅलेंट शो जिंकले. २०१५ ला सॅन डिएगोला वर्ल्ड हिपहॉप डान्स चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ. आणि २०१९ ला 'द किंग्ज' या नावाने अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकले, फायनलला शंभरपैकी शंभर, बक्षीस दहा लाख डॉलर. समोर जज कोण बसली होती माहितीये? तीच जेनिफर लोपेझ, आणि ती त्या शोची निर्मातीही होती. एकेकाळी मागच्या रांगेत नाचणारी बाई टेबलाच्या पलीकडे बसलेली आणि वेस्टर्न लाइनच्या लोकलने फिरणारी आपली पोरं स्टेजवर, मला तो व्हिडिओ बघताना दर वेळी भरून येतं. २०११ ते २०१९, आठ वर्षं झाली की नाही? परत आठच.

आता हिपहॉप म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स भागात १५२० सेजविक अॅव्हेन्यू नावाची बिल्डिंग, तिच्या खालच्या हॉलमध्ये पार्टी. पुष्कळ जण तिला वाढदिवसाची पार्टी म्हणतात पण ती शाळा सुरू होण्याआधीची पार्टी होती, सिंडी कॅम्बेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून तिने ती ठेवली होती. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट. गाणी लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ, ज्याला आज जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यात जिथे नुसता ड्रम वाजतो तिथे पोरं सगळ्यात जोरात नाचतात, म्हणून तो दोन रेकॉर्ड प्लेअर लावून तोच तुकडा लांबवायचा. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात, त्यावरचा नाच ते ब्रेकिंग, नाचणारे ते बी-बॉय, बी-गर्ल, आणि माइकवर तालात बोलणारा तो एमसी, म्हणजे आत्ताचा रॅपर. हे सगळं मिळून हिपहॉप.

आणि सिंडीचं काम बघा ताई, कार्डं हाताने लिहिणं, हॉल, तिकीट, हिशोब. नाव भावाचं झालं पण ती नसती तर पार्टीच नसती. या क्षेत्रात सिंडीसारखी कामं करणारी माणसं खूप लागतात आणि त्यांना महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात. साउंड, एडिटिंग, इव्हेंट, शाळेतला डान्स टीचर, लग्नाच्या संगीताची कोरिओग्राफी. माझ्याकडे आलेला एक मुलगा आज सकाळी दोन शाळा, संध्याकाळी सोसायट्यांमधल्या बॅचेस आणि लग्नाच्या सीझनला संगीत असं करतो, टीव्हीवर तो एकदाही आलेला नाही, पण घराचा हप्ता तो भरतो आणि रात्री स्वतःची प्रॅक्टिस चुकवत नाही. त्याला मी यशस्वी डान्सरच म्हणते.

तुमच्या दोन पर्यायांबद्दल. कर्ज काढून कोर्स, नको. माझं ठाम मत आहे. या लाइनमध्ये पहिली काही वर्षं पैसे कधी येतील ते कोणीच सांगू शकत नाही आणि हप्ता मात्र पाच तारखेला येतोच, मग पोरगं मिळेल तो कार्यक्रम घेतं, शिकायचं राहून जातं. आणि मनाविरुद्ध इंजिनिअरिंगही नको, चार वर्षं आणि फी दोन्ही जाईल. बारावी मात्र नीट पूर्ण करायची, यात चर्चा नाही, पुढे कुठेही जायचं तरी ती लागते. त्यानंतर मुंबई विद्यापीठाचं बीएएमएमसी बघा, मीडियाचा डिग्री कोर्स आहे, व्हिडिओ नि लिखाण दोन्ही त्याच्या कामाचं. पुण्याला विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्य, संगीत, नाटक यात रीतसर डिग्री होते, तिथलं वातावरण एकदा त्याला दाखवून आणा. टीव्हीच्या पडद्यामागे जायचं डोक्यात आलं तर पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला, टेलिव्हिजनचे एक वर्षाचे कोर्स आहेत, पण ग्रॅज्युएशन लागतं, म्हणून डिग्री सोडायची नाही. आणि हो, तबला किंवा कथक जवळच कोणी शिकवत असेल तर आत्तापासून लावा, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षाही देता येतील. पोरं नाक मुरडतात, पण ज्याला लय मोजता येते त्याचं रॅपही सुधारतं, हे मी डोळ्याने बघितलंय.

ब्रेकिंगमधून ऑलिंपिक असं त्याने पानाच्या कडेला लिहिलंय. २०२४ ला पॅरिसमध्ये ब्रेकिंग पहिल्यांदा होतं, मुलींमध्ये जपानची आमी आणि मुलांमध्ये कॅनडाचा फिल विझार्ड सोनं घेऊन गेले, पण २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीत ब्रेकिंग नाहीये. म्हणून त्यावर बेत बांधू नका, शरीर जपा. फरशीवर डोक्यावर फिरायचं नाही, पुठ्ठ्याखाली मॅट हवी, गुडघ्याला पॅड हवं, आणि मनगट दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखलं तर फिजिओकडे न्यायचं.

पैशाच्या आणि सहीच्या गोष्टी तुम्हाला सांगते, त्याला नाही, कारण तो अजून अठरा पूर्ण नाहीये आणि कायद्याने त्याची सही करारावर चालत नाही, सही तुमचीच घेतली जाणार. घाईत देऊ नका. किती वर्षं दुसरीकडे काम करता येणार नाही ते वाक्य आधी शोधा, आणि मराठीत समजावून दिल्याशिवाय पेन उचलायचं नाही. ऑडिशनला किंवा पोर्टफोलिओला पैसे मागितले की तिथून परत फिरायचं, माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी कितीतरी जणांचे असे पैसे बुडालेत. टीव्हीवरचं बक्षीस मिळालंच तर ३० टक्के कर आधीच कापला जातो आणि उरलेले ग्रुपमध्ये वाटले जातात. हॉलिवूडचा हिरो विल स्मिथ, जो आधी रॅपर होता, त्याचं नाव यादीत आहे ना, मुलाला सांगा की ग्रॅमी हा संगीताचा मोठा पुरस्कार मिळाल्यावर या माणसाने पैसे उडवले, कर थकला, सरकारी वसुली मागे लागली, आणि १९९० ला टीव्ही मालिका मिळाली तेव्हा तो सावरला.

रॅप मात्र त्याने लिहून, तारीख टाकून ठेवावं. गाणं रिलीज व्हायला लागलं की आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी, म्हणजे गाणं वाजल्यावर मिळणारा वाटा, गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद होता येतं, आणि २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे गीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कोणी असाच लिहून घेऊ शकत नाही. रॅपर एमसी स्टॅन त्याचा आवडता आहे असं तुम्ही म्हणता. पुण्याचा तो मुलगा फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिग बॉस' जिंकला तेव्हा २३ वर्षांचा होता, पण गाणी त्याची त्याआधीपासूनच यूट्यूबवर होती, टीव्ही नंतर आला.

बोर्डाची परीक्षा होईपर्यंत रोज दीड तास गच्ची, बाकी अभ्यास, एवढं त्याच्याशी बोलून ठरवा, तोच वेळ ठरवू दे. आणि ताई, पत्रात तुम्ही सगळं लिहिलंय पण तो नाचतो कसा हे कुठेच लिहिलेलं नाही, मला वाटतं तुम्ही नीट बघितलंच नाहीये. या रविवारी चहा घेऊन वर गच्चीवर जा, पुठ्ठ्याच्या बाजूला बसा, अर्धा तास काही न बोलता बघा. मग दोघं मिळून मला फोन करा, तिसरा रकाना किती भरला ते त्याच्याकडूनच ऐकायचंय मला.

तुमची,
समुपदेशक ताई