दुपट्यात गुंडाळणं सोडवताना बाळाला कसं झोपवावं?

साडेतीन महिन्यांची लेक दुपट्यात गुंडाळली नाही की दचकून उठते, असं तुम्ही विचारलंय. ती कुशीवर वळू पाहत असेल, तर आज रात्रीपासूनच गुंडाळणं बंद करा. हात बांधलेले असताना पालथी पडली तर जीवाला धोका असतो. अजून वळत नसेल तर तीन-चार रात्री एकच हात मोकळा ठेवा, मग दोन्ही. माझा मुलगा पहिल्या रात्री स्वतःचाच हात गालावर आपटून जागा झाला. छातीवर तळहात ठेवून बसले, हळूहळू त्याची मूठ सैल झाली. हे दचकणं बाळ साधारण 4 ते 6 महिन्यांचं होईपर्यंत आपोआप ओसरतं. उताणंच झोपवा, उशी, मोकळी चादर नको. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पातळ सुती झबलं पुरे, फक्त कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नका.