समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्र आणि समुद्री जीव रंगवता येतात का?

तुम्ही धुळ्याचे. लिहिलंय की समुद्र लहानपणी एकदाच पाहिला, आता मासे-कासवं रंगवायची आहेत. जमेल का, आणि निळ्याच्या कोणत्या ट्यूबा घ्याव्यात?

जमतं. मी अमळनेरचा. पोटासाठी शाळेत चित्रकला शिकवली, बाकी जीव सगळा समुद्राच्या जिवांत. निळ्याचं जरा थांबून सांगतो, कारण त्या निळ्यावरूनच माझं एका माणसाशी वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

आमच्याकडे समुद्र येतो तो काष्ठौषधींच्या दुकानात. समुद्रफेस बघितलाय ना? पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो पांढरा तुकडा. नखाने दाबला की खूण उमटते, मोडला की आत कागदाच्या गठ्ठ्यासारखे पातळ थर. ते माकुलाच्या (इंग्रजीत कटलफिश) पाठीतलं कवच आहे हे कळलं तेव्हापासून मी त्या जिवाच्या मागे लागलो. तीन हृदयं, रक्तात तांबं म्हणून ते निळसर, आणि कातडीचा रंग क्षणात बदलतो, तोही स्वतःला रंग ओळखता येत नसताना! जुने वाडे काढायला आपण जो तपकिरी सेपिया रंग वापरतो, तो मुळात याच्याच शाईपासून करत. काका मला विचारायचे, "आठे कोठे शे समुंदर?" आणि कपाळावर हात मारायचे.

तर वाजलं ते असं. सुरत लाईनच्या गाडीने मी डुमसला जायचो. खान्देशातून तोच जवळचा समुद्र, आणि आपली तापी मुलताईहून ७२४ किलोमीटर वाहून त्याच बाजूला खंभातच्या आखाताला मिळते. डुमसची वाळू काळी. ओहोटीला पाणी लांबवर मागे सरतं आणि उरतो नुसता चिखल. बाकीचे भजी खाऊन परत फिरतात, मी त्या चिखलासमोर बसून राहायचो. थोडा वेळ अजिबात हललो नाही की भोकांतून निवट्या वर यायच्या. बोटाएवढा मासा, पण पुढच्या परांवर जोर देऊन चिखलात चालतो. डोळे डोक्याच्या वर, आणि कोरडे पडले की खोबणीत आत ओढून ओले करून परत बाहेर काढतो. गालात पाणी धरून ठेवतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. नर पाठीवरचा पर ताठ उभा करून दुसऱ्यावर धावून जातो, आणि तेव्हा दिसतात अंगावरचे बारीक चमकते निळे ठिपके. त्या सगळ्या मातकट पसाऱ्यात निळा असतो तो तेवढाच.

तेच मोठ्या कॅनव्हासवर काढलं. चिखल, मागे मातीच्या रंगाचं पाणी, वरती पांढुरकं आभाळ, आणि मध्ये भांडणारे दोन नर. एका प्रदर्शनाला पाठवलं. परीक्षक मोठ्या शहरातले, नाव घेत नाही. म्हणाले, "हे काय, तापीचा पूर काढलाय का?" मी म्हटलं, "सर, तापीच आहे ती, मुखापाशी." त्यावर म्हणाले, "समुद्र असा नसतो. आणि तुम्ही खान्देशातली मंडळी केळीच्या बागा काढा ना, तुमच्या हाताला त्या शोभतात." चित्र परत आलं. बक्षीस गेलं एका निळ्याशार समुद्राला. त्यात डॉल्फिन उडत होता आणि मागे सूर्य बुडत होता. कॅलेंडरवरून उतरवलेला, दुसरं काय.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. प्रश्न लांब राहण्याचा नाही, बघण्याचा आहे. चाळीसगावचे केकी मूस आठवा. अनेक दशकं जवळजवळ घराबाहेर पडलेच नाहीत, टेबलावर देखावे मांडून त्यांचे फोटो काढले, आणि ते फोटो जगभर गेले. त्यांना कोणी म्हटलं नाही की तुम्ही खिडकीतली बाभूळच टिपा. समुद्र रंगवणारा रशियन चित्रकार आयवाझोव्हस्की तर समुद्रकाठीच राहायचा, तरी लाटा काढायचा स्टुडिओत बसून, आठवणीने. त्याचं म्हणणं, हलतं पाणी समोर बसून काढताच येत नाही. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ साली गेंडा न बघता काढला आणि युरोपने तोच खरा धरला. (हो, पाठीवर एक जादा शिंग बसवलं त्याने. पण हाच माणूस पुढे १५२० साली काठाला लागलेला देवमासा बघायला थंडीत नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरच्या झीलंडपर्यंत गेला. तो पोचेपर्यंत समुद्राने मासा परत ओढून नेला होता.) म्हणजे ओढ पाहिजे. त्या परीक्षकांना ती नव्हती, एवढंच.

आता ट्यूबा. पाण्याखाली लाल दिसत नाही, पाणी तो सगळ्यात आधी खातं. स्वच्छ पाण्यातसुद्धा दहा मीटरवर तो जवळजवळ गेलेला असतो. लाल मासा खाली काळपट करड्या रंगात काढा. खोल पाण्याला अल्ट्रामरीन आणि थोडा प्रशियन, दोन्ही निळेच. प्रशियन जपून, सगळं गिळून टाकतो. आखाताच्या पाण्याला रॉ अंबर (तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बोटभर व्हिरिडियन (हिरवा). निळ्यावर पैसे उधळू नका. कासवांचं मला फारसं विचारू नका. कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सोडतात ते जरूर बघा, पण माझा जीव चिखलातल्या जिवांत.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, सगळा किनारा गढूळ नाही. मालवणला हिवाळ्यात पाण्यातलं प्रवाळ दिसतं, तिथला निळा-हिरवा खराच आहे, म्हणजे परीक्षक अगदी हवेतलं बोलत नव्हते. दुसरी, तो सगळा गाळ आपल्या तापीचाच असं मी त्यांना ठणकावलं होतं. पण बराच गाळ तापीवरच्या उकाईच्या धरणात अडतो, आणि आखातातली जोराची भरती-ओहोटीही तळ ढवळून काढते. तरी केळीच्या बागांचं ते वाक्य मला अजून मान्य नाही.

डुमसला गेलात तर ओहोटीची वेळ आधी बघा आणि चिखलात आत शिरू नका, पाणी परत येतं ते फार वेगाने. निवट्या काठावरूनही दिसतात. सोबत बडबड्या मित्र नेऊ नका म्हणजे झालं.