'लेफ्ट' म्हणजे डावा की उरलेले?

गोव्यातल्या डिचोलीहून एका मुलीचं पत्र आलंय. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, स्वतः चौथीपर्यंत मराठी माध्यमात आणि पाचवीपासून इंग्रजीत शिकलेली. तिला शिक्षक नाही तर शिक्षकांना शिकवणारी व्हायचंय, म्हणजे इंग्रजीत नवीन असलेल्या मुलांना वर्गात कसं सांभाळायचं याचं ट्रेनिंग द्यायचंय. विचारते की सीईएलटीए (इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं सर्टिफिकेट) करू, एम.एड. करू की सरळ अमेरिकेचं बघू, आणि बाबा म्हणतात ट्रेनिंग ही काय नोकरी आहे का, बँकेच्या परीक्षा दे. खाली एक ओळ अशीही आहे की "माझं इंग्रजी कॉन्व्हेंटवाल्यांसारखं नाही, चालेल ना?"

अगं बाय, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते. तू ज्या मुलांबद्दल बोलतेस त्यांच्यातलीच एक तू होतीस, त्यामुळे पाचवीच्या जूनमध्ये अचानक सगळं इंग्रजीत सुरू झालं की पोटात काय होतं ते तुला कुणी स्लाइडवर दाखवायला नको. हे तुझं भांडवल आहे, आणि ते झाकून ठेवून ट्रेनर व्हायला गेलीस तर तुझ्यात आणि बाकीच्यात फरक काय राहिला?

आता एक उदाहरण. ओळखीच्या एका शाळेत पाचवीच्या गणिताच्या तासाला मागे बसले होते. फळ्यावर इंग्रजीत गणित, टोपलीत ४५ काजू, १८ खाल्ले, 'हाऊ मेनी आर लेफ्ट?' एक मुलगा शेजाऱ्याला हळूच विचारतो, "डाव्या बाजूक किती म्हणून कशें कळटलें?" पुढचं गणित, एकाकडे ३२ गोट्या, दुसऱ्याकडे १९, 'हाऊ मेनी मोअर?' त्याने उत्तर लिहिलं ५१. मोअर म्हणजे जास्त, जास्त म्हणजे बेरीज, त्याच्या हिशोबाने बरोबरच आहे की! टीचरने लाल फुली मारली आणि वर 'वीक इन मॅथ्स' असा शेरा. तेच मी मधल्या सुट्टीत मराठीत विचारलं तर पटकन म्हणाला १३.

या मुलासाठी गणित सोपं करायचं नसतं, इथेच बहुतेकांची चूक होते. डिफरन्शिएटेड इन्स्ट्रक्शन, म्हणजे मुलागणिक शिकवण्याची पद्धत बदलणं, म्हटलं की हुशार, मध्यम, ढ अशा तीन वर्कशीट काढायच्या आणि तिसऱ्या वर्कशीटवर रंग भरायला द्यायचा. असं नाही गं. गणित सगळ्यांना तेच ४५ वजा १८, फक्त आत शिरायचे दरवाजे वेगळे. एकाला चित्र आणि बाजूला 'आर लेफ्ट = उरले' असं लिहून द्यायचं, दुसऱ्याला अर्धं वाक्य द्यायचं जे तो पूर्ण करून उत्तर सांगेल, आणि ज्याचं इंग्रजी चांगलं आहे त्याने तसंच नवीन गणित बनवून शेजाऱ्याला घालायचं. कॅरल अ‍ॅन टॉम्लिन्सन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी यावर भरपूर लिहिलंय, काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि मुलाने ते कसं दाखवायचं, यात बदल करता येतो असं त्या सांगतात. ते वाच. पण व्हिज्युअल-ऑडिटरी-कायनेस्थेटिक (बघून, ऐकून, हालचालीतून शिकणारी) असे मुलांचे कप्पे पाडणारं कुणी भेटलं तर मान डोलवून पुढे जा, त्या कप्प्यांप्रमाणे शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला संशोधनाचा भक्कम आधार नाही.

दुसरं नाव जिम कमिन्स, दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलांचे अभ्यासक. त्यांचं म्हणणं असं की बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, परीक्षेतली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. आता आपल्या गोव्यात लावून बघ, मराठी किंवा कोंकणीतून आलेला मुलगा पाचवीत इंग्रजीत जातो आणि दहावीची परीक्षा त्या मुदतीच्या अगदी तोंडावरच येते. सातवीत तो फाडफाड इंग्रजी बोलतो म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि सायन्सच्या पेपरात 'एक्स्प्लेन' आणि 'डिस्क्राइब' मध्ये मार्क जातात. २०११ मध्ये शाळेच्या शिक्षणाच्या माध्यमावरून गोव्यात केवढं रान उठलं होतं, पण वर्गात बसलेल्या पाचवीच्या मुलाला सोमवारी सकाळी नेमकं काय द्यायचं हे त्यात कोण बोललं? आणि वास्कोकडे तर एकाच बाकावर कोंकणी, कन्नड, हिंदी, तिथे मराठीतला अर्थ देऊनही भागत नाही.

बरं, आता कोर्स. सीईएलटीए चांगला आहे, १२० तासांचा, त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवणं, पण तो मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवण्यासाठी, आणि महागही. आत्ता नको. हैदराबादच्या इफ्लूचे (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) इंग्रजी शिक्षकांसाठीचे कोर्स बघ, नोकरी करता करता करण्यासारखं काही मिळतं का ते चौकशी कर. बी.एड. कॉलेजात किंवा पर्वरीला डाएटमध्ये (शिक्षकांना ट्रेनिंग देणारी जिल्ह्याची सरकारी संस्था) शिकवायचं असेल तर मास्टर्स आणि एम.एड. लागतंच, पुढे नेट किंवा पीएच.डी., त्याला शॉर्टकट नाही.

अमेरिकेचं म्हणशील तर तिथे हा विषय कोर्टात जाऊन मोठा झालाय. १९७४ चा लाऊ विरुद्ध निकल्स खटला वाच, सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचा. सगळ्यांना तेच पुस्तक, तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. पण तिथे शिकवायला एक्सचेंजच्या जे-१ व्हिसावर जायचं तरी दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागतात, आणि तो तुझ्याकडे अजून शून्य आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, आधी तीन-चार वर्षं पाचवी-सहावीला शिकव. मी एकदा अशाच ट्रेनिंगला बसले होते, विषय 'प्रत्येक मूल वेगळं', आणि पीटीच्या सरांपासून पहिलीच्या बाईंपर्यंत साठ जणांना एकच हँडआउट, सकाळी दहा ते चार स्लाइड वाचणं. माझ्या शेजारी सत्तरी तालुक्यातले एक मास्तर होते, त्यांनी मराठीत शंका विचारली तर ट्रेनर म्हणाला, "इन इंग्लिश प्लीज". मास्तर खाली बसले ते संध्याकाळच्या चहापर्यंत तोंड उघडलं नाही. त्या ट्रेनरने पाचवीचा वर्ग कधी घेतला नसावा, नाहीतर समोर आत्ता काय झालं ते त्याला दिसलं असतं.

बाबांना सांग की आधी शिक्षिकेची नोकरीच करणार आहे, ट्रेनिंग नंतर. २०२० च्या नवीन शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास ट्रेनिंग घ्यावं असं आहे, म्हणजे देणारेही लागणार. बँकेची परीक्षा द्यायची तर दे, पण मन नसताना दिलेली परीक्षा काय होते ते त्यांनाही माहितेय.

इंटर्नशिपमध्ये एक काम कर. कुठलंही एक पान घे, त्याचे तीन दरवाजे तयार कर, मुलांनी काय लिहिलं त्याचे फोटो काढून ठेव, नावं झाकून. फसलेलेही ठेव, तेच पुढे शिक्षकांना दाखवायला जास्त कामाला येतात. गणेश चवथीच्या सुट्टीआधी मला पाठव, बघते.