क्यूच्या नकाशावर आसाम ‘इंडिया’त का नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की, लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या वनस्पतींची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर ‘इंडिया’, ‘आसाम’, ‘ईस्ट हिमालया’ अशी वेगवेगळी नावं का दिसतात, आणि शास्त्रज्ञ जगाचे भाग पाडतात तरी कशावरून?

ही नावं निव्वळ नोंदींच्या सोयीसाठी आहेत. जगभरच्या हर्बेरियमांनी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयांनी) एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात म्हणून १९९२ साली एक योजना आली, २००१ साली ती सुधारली गेली. आधी नऊ खंड, मग विभाग, मग तिसऱ्या पातळीवर ‘बोटॅनिकल कंट्री’, म्हणजे नोंदींपुरते मानलेले देश, आणि चौथ्या पातळीवर राज्यं. हद्दी बहुतेक राजकीयच, फक्त मोठ्या देशांचे तुकडे केलेत. त्यातल्या ‘आसाम’मध्ये मेघालय, मणिपूर, नागालँडही येतात, तर सिक्कीम आणि अरुणाचल भूतानसोबत ‘ईस्ट हिमालया’त.

त्यामुळे नकाशा जपून वाचा. शिंदळ माकुडी घ्या. शिवनेरीसारख्या सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर उगवणारी ही वनस्पती. पण तिसऱ्या पातळीच्या नकाशावर तिच्यासाठी पंजाबपासून कन्याकुमारीपर्यंत सगळा ‘इंडिया’ रंगतो.

वनस्पतींकडे बघून केलेली विभागणी निराळी. सोव्हिएत काळातले आर्मेनियन वनस्पतिशास्त्रज्ञ आर्मेन तख्ताजान यांनी जगाची सहा ‘राज्यं’ मानली (इंग्रजीत ‘किंगडम’; वर आलेली प्रशासकीय राज्यं नव्हेत). कसोटी अशी, की तिथल्या किती वनस्पती दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. राज्य ठरवताना अशी अख्खी कुळं बघायची, खालच्या पातळीवर प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज). दक्षिण आफ्रिकेच्या टोकाचा केप प्रदेश महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नाही, पण तिथे सुमारे नऊ हजार जाती आहेत आणि त्यांतल्या दोनतृतीयांश फक्त तिथल्याच. म्हणून एवढ्याशा तुकड्याला स्वतंत्र राज्याचा मान! काहींना हे पटत नाही, ते त्याला आफ्रिकेतच धरतात. मला मात्र तख्ताजान यांचं म्हणणं पटतं.

गंमत म्हणजे आसामची ताटातूट इथेही होते, पण कारण वेगळं. आपला सह्याद्री ‘मलबार’ प्रांतात, उष्ण कटिबंधीय राज्यात. खासी-मणिपूरचे डोंगर मात्र चीन-जपानच्या पंगतीत, उत्तरेकडच्या राज्यात.

महाराष्ट्रातलं एखादं झाड नेमकं कुठे मिळतं एवढंच हवं असेल, तर यातलं काहीच फारसं उपयोगाचं नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे राज्यवार ग्रंथ बघा, त्यांत जिल्हे दिलेले असतात.